हत्ती गेले, हिशेब राहिला

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचा विषय होता, ‘ड्रोन आणि संगणकाच्या युगात जुने युद्धशास्त्र कालबाह्य झाले आहे.’ मी विषयाच्या बाजूने बोललो. कौटिल्याचे हत्ती, सुन् त्झूचे रथ आणि क्लाउझेवित्सच्या काळातील ठासणीच्या बंदुका या तिघांना मी सात मिनिटांत निकालात काढले. टाळ्या पडल्या, करंडकही मिळाला. परतताना बसस्टँडवर आमचे राज्यशास्त्राचे सर भेटले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बोललास छान. पण मला एक सांग, तुझ्या या नव्या युद्धात जिंकले कोण हे ठरवायचे कसे?” मी म्हणालो, “सर, ज्याचे नुकसान कमी झाले तो.” “मग व्हिएतनाममध्ये अमेरिका जिंकली म्हणायची का?” एवढेच विचारून ते बसमध्ये चढले.

त्या एका प्रश्नापायी माझी दिवाळीची सुट्टी ग्रंथालयात गेली. ज्या मताने मला करंडक मिळवून दिला ते मत मात्र सुट्टी संपेपर्यंत टिकले नाही. ते का टिकले नाही, हे वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न.

आधी माझ्या जुन्या बाजूला जे द्यायला हवे ते देऊन टाकतो. या ग्रंथांतील बराच भाग आज खरोखरच इतिहासजमा झालेला आहे. राजाचा विजय मुख्यतः हत्तींवर अवलंबून असतो असे कौटिल्याचे मत होते. सुन् त्झूने आपल्या तेरा प्रकरणांपैकी एकात हजार रथांच्या सैन्याचा खर्च मांडला आहे. क्लाउझेवित्सने नदी कशी ओलांडावी, डोंगर कसा राखावा, छावणी कशी द्यावी यांवर प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची घातली आहेत. हा मजकूर वाचून आजच्या सेनाधिकाऱ्याला लढाई लढता येणार नाही, आणि कोणी तसा दावाही करू नये.

परंतु या ग्रंथांत आणखी एक भाग आहे. लढावे कसे याचे उत्तर त्यात मिळत नाही. लढावे की नाही, केव्हा, कशासाठी आणि थांबावे कोठे, याचा विचार त्यात आहे. शस्त्रे बदलली म्हणून हे प्रश्न बदलले का, एवढेच तपासायचे आहे. त्यासाठी दूरच्या काळात जाण्याची गरज नाही. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतील युद्धे पुरेशी आहेत.

सुरुवात घरापासून करतो. कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ कित्येक शतके केवळ नावाने माहीत होते. १९०५ साली त्याची ताडपत्रावरील प्रत म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आली आणि आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. पुढे मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. म्हणजे या ग्रंथाच्या पुनर्जन्मात कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोघांचाही हात आहे. आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांतील वाचकांनी याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

या ग्रंथाचे नववे अधिकरण स्वारीवर निघणाऱ्या राजासाठी आहे. त्याच्या प्रारंभीच एक यादी येते. आपली आणि शत्रूची शक्ती, देश, काल, कूच करण्याची वेळ, सैन्य उभारण्याची वेळ, पाठीमागे उसळणारा उठाव, माणसांचा क्षय, पैसा व धान्य यांचा व्यय, होणारा लाभ आणि येऊ शकणारी संकटे या सर्वांचा अंदाज घेऊन मगच राजाने निघावे. यात शौर्याचा उल्लेख नाही, हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी थोडा चकितच झालो. किंबहुना उत्साहापेक्षा कोष व सैन्य यांचे बळ मोठे आणि त्याहूनही मंत्रशक्ती, म्हणजे विचार व मसलत यांचे बळ मोठे, असा क्रम कौटिल्य स्पष्टपणे लावतो.

आता ही यादी १९७१ सालावर ठेवून पाहा. त्या वर्षी पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ताबडतोब सैन्य घुसवा, अशी मागणी जोरात होती. सेनाप्रमुख माणेकशा यांनी पुढे आपल्या भाषणांतून सांगितले त्याप्रमाणे, एप्रिलमध्ये त्यांनी मंत्रिमंडळाला नकार दिला. पावसाळा तोंडावर होता. पूर्व बंगालच्या नद्या फुगल्या की रस्ता सोडून गाड्या चालणे अशक्य. हिमालयातील खिंडी उन्हाळ्यात मोकळ्या असतात, तेव्हा उत्तरेकडून चीन उतरण्याची भीती. ‘देश’ आणि ‘काल’ हे दोन शब्द एवढ्या काटेकोरपणे क्वचितच पाळले गेले असतील.

याहून बोलके उदाहरण कौटिल्याच्या राजमंडळाचे आहे. समोरच्या शत्रूवर चालून जाणाऱ्या राजाच्या टाचेवर जो टपलेला असतो त्याला तो ‘पार्ष्णिग्राह’ म्हणतो, आणि त्या टाचेवरच्या शत्रूच्याही पलीकडे असलेल्या आपल्या मित्राला ‘आक्रंद’. १९७१ मध्ये आपण पाकिस्तानकडे तोंड केले तेव्हा पाठीशी चीन होता आणि चीनच्या पलीकडे सोव्हिएत रशिया. ९ ऑगस्ट १९७१ रोजी भारत-सोव्हिएत मैत्रीचा करार झाला. डिसेंबरात बर्फाने खिंडी मिटल्या. ३ डिसेंबरला सुरू झालेले युद्ध १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीने संपले आणि सुमारे ९३,००० युद्धकैदी हाती आले. त्यानंतर आणखी एक गोष्ट घडली, जी आपण विजयाच्या आनंदात विसरतो. भारताने पश्चिम आघाडीवर आपण होऊन युद्धबंदी जाहीर केली. हेतू साधला होता, म्हणून हात आवरला.

दिल्लीत तेव्हा कोणी ‘अर्थशास्त्र’ उघडून बसले होते असे मला सुचवायचे नाही. उलट माझे म्हणणे असे आहे की, ग्रंथ न उघडताही शहाण्या माणसांना तोच हिशेब करावा लागला. हिशेब कालबाह्य झाला असता तर हे घडले नसते.

आता पश्चिमेकडे वळू. कार्ल फोन क्लाउझेवित्स हा प्रशियाचा अधिकारी. वयाच्या बाराव्या वर्षी तो फौजेत गेला. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाला चिरडले तेव्हा तो कैदी झाला. १८१२ मध्ये रशियाच्या बाजूने उभा राहून त्याने नेपोलियनची मॉस्कोवरची स्वारी जवळून पाहिली. १८३१ मध्ये तो पटकीने वारला आणि त्याचा ‘युद्धाविषयी’ हा अपुरा राहिलेला ग्रंथ त्याची पत्नी मारी हिने १८३२ पासून छापून आणला. युद्ध म्हणजे वेगळ्या साधनांनी पुढे चालवलेले राजकारणच, हे त्याचे मत आज सर्वांच्या तोंडी आहे. पण त्याच्या इतर तीन कल्पना मला अधिक उपयोगी वाटल्या.

पहिली कल्पना घर्षणाची. कागदावर सोपी दिसणारी प्रत्येक गोष्ट रणांगणात अवघड होऊन बसते. चिखल, थकवा, चुकलेला निरोप, उशिरा आलेले इंधन, अशा क्षुल्लक गोष्टींची बेरीज सैन्याला अडवते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा कीव्ह काही दिवसांत पडेल असे पुष्कळ जाणकारांना वाटत होते. प्रत्यक्षात कीव्हच्या उत्तरेस रशियन वाहनांचा सुमारे ६४ किलोमीटर लांब तांडा रस्त्यावर खोळंबला. उपग्रहांनी त्याची छायाचित्रे काढली, साऱ्या जगाने ती पाहिली. उपग्रह अत्याधुनिक होता. तांडा मात्र अडला तो इंधन, अन्न, चिखल आणि समोरून होणारा प्रतिकार यांमुळे. एप्रिलच्या प्रारंभी रशियन सैन्य कीव्हच्या परिसरातून निघून गेले होते.

दुसरी कल्पना अशी की बचाव हा आक्रमणापेक्षा बलवान प्रकार आहे. राखणे हे मिळवण्यापेक्षा सोपे असते. २०२२ मध्ये याचा फायदा युक्रेनला झाला. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनने दक्षिणेकडे प्रतिहल्ला चढवला, तेव्हा सुरुंगांची शेते आणि खंदकांच्या रांगा यांच्या आड रशियन बसले होते. प्रतिहल्ला अडकला. बाजू पालटल्या, नियम तोच राहिला.

आणि ज्या ड्रोनच्या जोरावर मी करंडक जिंकला त्याचे काय? ड्रोन आले, तसे त्यांचे रेडिओ-संदेश बिघडवणारी यंत्रे आली. त्यावर उपाय म्हणून आपल्यामागे काचतंतूची बारीक तार सोडत जाणारे ड्रोन आले. युद्धातील माणूस निर्जीव वस्तूशी झुंजत नसतो. समोर त्याच्यासारखेच डोके चालवणारा दुसरा माणूस असतो, असे क्लाउझेवित्स सांगतो. पतंगाच्या दोरीसारखी तार ओढत उडणारे ते यंत्र हा माझ्या मते त्याच्या विधानाचा सर्वांत ताजा पुरावा आहे.

तिसरी कल्पना आक्रमणाच्या परमावधीची. पुढे जाणारे सैन्य प्रत्येक मजलेगणिक क्षीण होत असते. ठाणी मागे ठेवावी लागतात, रसदेची वाट लांबते. एक बिंदू असा येतो की त्यापुढे जाणे म्हणजे स्वतःला संकटात लोटणे. नेपोलियन मॉस्कोत पोहोचला, पण झार तहाला आला नाही. पाच आठवड्यांनी त्याला रिकाम्या हाताने परतीची वाट धरावी लागली. मराठी वाचकाला हे समजण्यासाठी मॉस्कोला जाण्याचीही गरज नाही. सदाशिवरावभाऊंनी ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला. दोन्ही विजयच. पण त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दक्षिणेची वाट बंद झाली. १४ जानेवारी १७६१ ला जे घडले त्याची तयारी उपासमारीने आधीच करून ठेवली होती. पानिपताकडे आपण शौर्याची शोकांतिका म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण ती रसदेचीही शोकांतिका होती, हे आपल्या गळी उतरत नाही.

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो. जिंकले कोण? १९७५ साली हॅरी समर्स नावाचे अमेरिकन कर्नल हनोईत वाटाघाटींसाठी गेले होते. ‘रणांगणावर तुम्ही आम्हांला कधी हरवले नाहीत’ असे त्यांनी तेथील कर्नलला सुनावले. ‘असेलही, पण त्याला काही अर्थ नाही’ अशा आशयाचे उत्तर आले. या उत्तराने समर्स अस्वस्थ झाले आणि १९८२ मध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धाची चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले, ते क्लाउझेवित्सचा आधार घेऊनच. लढाया जिंकणे वेगळे आणि ज्या हेतूने लढलो तो हेतू साधणे वेगळे. युद्ध राजकारणाचे साधन असेल, तर त्याचा निकालही राजकारणाच्याच तराजूत लागणार.

एवढा धडा मिळूनही २००३ मध्ये इराकवर स्वारी झाली. २० मार्चला सुरुवात, ९ एप्रिलला बगदाद पडले. तीन आठवड्यांत एवढा नेत्रदीपक विजय क्वचितच मिळतो. १ मे रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी विमानवाहू जहाजावरून मुख्य लढाई संपल्याची घोषणा केली. त्याच महिन्यात इराकी फौज बरखास्त करण्यात आली आणि शस्त्र चालवण्याचे शिक्षण घेतलेले लाखो पुरुष एका आदेशाने बेकार झाले. ज्या महासंहारक अस्त्रांसाठी स्वारी केली ती सापडलीच नाहीत. अमेरिकन सैन्य बाहेर पडायला डिसेंबर २०११ उजाडला.

कौटिल्याच्या तेराव्या अधिकरणात ‘लब्धप्रशमन’ नावाचे शेवटचे प्रकरण आहे. जिंकलेला मुलूख शांत कसा करावा, हा त्याचा विषय. जेत्याने तेथील लोकांचा वेष, भाषा, आचार स्वीकारावा, त्यांच्या देवतांचा व उत्सवांचा मान राखावा, दिलेला शब्द पाळावा, असा त्याचा आशय. मंत्री म्हणून कौटिल्य भाबडा नव्हता. त्याने विषप्रयोग आणि फितुरी यांवरही तितक्याच शांतपणे लिहिले आहे. म्हणूनच त्याचा हा सल्ला दयेपोटी आलेला नाही. तो हिशेबातून आलेला आहे. बगदाद जिंकणाऱ्यांकडे कौटिल्याने कल्पिली नसतील अशी विमाने होती. हे एक प्रकरण मात्र नव्हते.

येथे प्रामाणिकपणे एक मर्यादा नोंदवायला हवी. १९४५ नंतर जगात असे एक अस्त्र आले की ज्याचा वापर केल्यास ज्या हेतूसाठी युद्ध करायचे तो हेतूच भस्मसात व्हावा. हे जुन्या शास्त्रकारांच्या कल्पनेबाहेरचे होते. पण याही ठिकाणी शास्त्र अगदीच मुके होत नाही. किंमत हेतूच्या मोलापेक्षा वाढली की युद्ध सोडून द्यावे, हे क्लाउझेवित्सनेच म्हटले आहे. १९९८ मध्ये भारत व पाकिस्तान दोघांनीही अणुचाचण्या केल्या. पुढच्याच वर्षी कारगिल झाले. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असे बंधन सरकारने सैन्यावर घातले. त्यामुळे डोंगरमाथे समोरून चढून घ्यावे लागले आणि ५२७ जवान व अधिकारी कामी आले. ही किंमत फार जड होती. पण घुसखोर हटवणे हाच हेतू ठरला होता, युद्ध वाढवणे हा नव्हे. राजकारणाने युद्धाला घातलेला लगाम म्हणतात तो हाच.

जुन्या ग्रंथांच्या भक्तांनाही मला एक गोष्ट सांगायची आहे. वचने पाठ करून फायदा होत नाही. जर्मन सेनाधिकारी क्लाउझेवित्सला गुरू मानत. तरीही १९१४ मध्ये त्यांनी लष्करी वेळापत्रक आधी आखले आणि राजकारण त्यामागे फरफटत नेले. फ्रान्स लवकर जिंकण्यासाठी त्यांनी बेल्जियममध्ये पाऊल टाकले, आणि त्या पावलाने ब्रिटन युद्धात उतरले. आज सुन् त्झूची वाक्ये व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात ऐकू येतात. लांबलेल्या युद्धाने कोणत्याही राज्याचे भले होत नाही, हे त्याचे म्हणणे मात्र सत्तेवर बसलेल्यांना ऐन वेळी आठवत नाही.

मग हे सारे महाविद्यालयातल्या मुलामुलींनी कशासाठी वाचायचे? ते सेनापतींनी वाचावे, असे कोणी म्हणेल. याचे उत्तरही क्लाउझेवित्सकडे आहे. युद्धात तीन शक्ती एकत्र येतात असे तो म्हणतो. बुद्धी, ती मुख्यतः शासनाची. संभव आणि दैव यांच्याशी झुंजणारे धैर्य, ते सेनेचे. आणि द्वेष व आवेश, तो जनतेचा. या तिघांत तुमचा-माझा वाटा कोणता हे वेगळे सांगायला नको. दूरचित्रवाणीसमोर बसून ‘एकदाचा निकाल लावून टाका’ असे आपण किती सहज म्हणतो! स्पर्धेत टाळ्या मिळवणारी माझी वाक्येही त्याच जातीची होती.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे त्या शहरात आपण शिकतो. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील, काका, भाऊ फौजेत आहेत. त्यांत मराठी घरे आहेत, तशी कन्नड घरेही आहेत. कौटिल्याच्या यादीतील ‘क्षय’ हा शब्द या घरांच्या उंबऱ्यावर येऊन थांबतो. आपण आवेश पुरवायचा आणि किंमत शेजारच्या घराने मोजायची, हे मला आता पटत नाही. सैनिकाने ‘कशासाठी’ असे विचारू नये, अशी त्याच्या सेवेची शिस्त आहे. म्हणूनच तो प्रश्न त्याच्या वतीने विचारण्याची जबाबदारी नागरिकावर येते. हेतू काय, तो या मार्गाने साधेल का, किंमत काय, थांबायचे कोठे आणि नंतर काय? हे पाच प्रश्न विचारणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. अडीच हजार वर्षांतल्या सर्वांत कठोर डोक्याच्या माणसांनी हेच प्रश्न विचारले आहेत.

कंगल्यांचे तीन खंड आपल्या ग्रंथालयात आहेत. मी घेतले तेव्हा पहिल्या खंडाच्या चिठ्ठीवर बऱ्याच वर्षांत शिक्का पडलेला नव्हता. ते आता परत केलेले आहेत. येत्या स्पर्धेत हाच विषय पुन्हा ठेवावा, अशी माझी आयोजकांना विनंती आहे. या वेळी मी विरुद्ध बाजूने बोलेन. करंडक मिळाला नाही तरी चालेल.